आवाज ठेवा, गाणी नकोत

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मंडप, आचारी, भटजी, नादस्वरवाले हे सगळं पंधरा दिवसांत जमलं. व्हिडिओवाला जमायला अडीच महिने लागले. त्या अडीच महिन्यांत माझं डोकं जेवढं फिरलं, तेवढं कॉलेजच्या परीक्षा विभागात इतकी वर्षं काढूनही फिरलं नव्हतं, आणि तिथे तर दर सहामाहीला कुणाची ना कुणाची उत्तरपत्रिका गायब होते.

माझी अट एकच होती. व्हिडिओत माणसांचे आवाज ठेवायचे, वरून गाणी घालायची नाहीत. बाकी त्यांनी कॅमेरा वर धरावा, खाली धरावा, मला काही म्हणायचं नव्हतं.

ही अट कुठून आली ते सांगते. आमच्या स्वतःच्या लग्नाची एक कॅसेट घरात होती. ह्यांनी ती गेल्या वर्षी पेन ड्राइव्हवर उतरवून आणली आणि एका रविवारी आम्ही दोघांनी बसून पाहिली. रंग पार उतरले आहेत, माझा हिरवा शालू निळा दिसतो. पण माणसं ओळखू येतात. मुहूर्ताच्या वेळी माझे वडील माझा हात ह्यांच्या हातात देतात आणि पुढे वाकून ह्यांना काहीतरी सांगतात. एखादा शब्द नव्हे, चांगली तीन-चार वाक्यं. मध्येच थांबून ते एकदा माझ्याकडे बघतात आणि परत सांगायला लागतात. ओठ स्पष्ट हलताना दिसतात. आणि त्या सगळ्यावर कुणी बाई सिनेमातलं गाणं म्हणते आहे, चंद्राचं आणि मोगऱ्याचं.

माझी मुलगी आठ महिन्यांची असताना वडील गेले. त्यांचा आवाज कुठेही टिपलेला नाही. तमिळ मुलखातल्या आमच्या गावी, जुन्या मराठी राजवाड्यामागच्या गल्लीत मराठी बोलणारी घरं अजून आहेत, वाचणारी फार थोडी. मला पाटीवर अक्षरं गिरवून मराठी वाचायला शिकवलं ते वडिलांनी, म्हणून आज हे लिहिते आहे. (आम्ही घरी बोलतो ते असं पुस्तकी नसतं. निम्मं तमिळ, आणि उरलेल्या मराठीलाही सूर तमिळच. इथे मी सगळ्यांची बोलणी सरळ मराठीत लिहिली आहेत.) त्या रविवारी मी ती जागा चार वेळा मागे नेऊन पाहिली आणि ह्यांना विचारलं, "काय सांगत होते ते तुम्हाला?"

"ऐकू आलं नाही," हे म्हणाले.

हेच उत्तर मला लग्नानंतर आठवड्याभरात मिळालं होतं, आणि मधल्या वर्षांत जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हाही.

"एवढे समोर उभे होतात!"

"आलं नाही म्हणजे आलं नाही. काय करू?"

ह्यांचं लक्ष नव्हतं, अशी माझी पक्की खात्री होती. भूक लागली असेल, नाहीतर चप्पल कुठे ठेवली ते आठवत असतील. ह्या एका गोष्टीसाठी मी त्यांना मनातून कधीच माफ केलं नव्हतं.

तर मुलीच्या लग्नात असं व्हायला नको, एवढंच माझं म्हणणं. मुलगी चेन्नईला नोकरी करते. ती फोनवर म्हणाली, "अम्मा, त्यात काय एवढं? त्यांना सांग, आवाज ठेवा." मलाही तसंच वाटलं होतं.

पहिल्यांदा गेलो साऊथ मेन स्ट्रीटवरच्या एका स्टुडिओत. ज्यांनी आमचं लग्न टिपलं, त्यांचाच मुलगा आता तो चालवतो. हे म्हणाले, ओळखीचा माणूस बरा. त्या मुलानं, म्हणजे चाळिशीच्या गृहस्थानं, आम्हाला थंड पेय दिलं आणि मोठ्या पडद्यावर नमुना लावला. एका कमळातून नवरी वर आली. ढगातून नवरा उतरला. मोठ्या देवळाचं गोपूर दोनदा गरगर फिरलं आणि त्यातून दोघांची नावं बाहेर पडली. मागे गाणं जोरात.

"छान आहे," हे म्हणाले. ह्यांना सगळंच छान वाटतं.

मी म्हटलं, "ह्यात माणसं बोलतात ते ऐकू येत नाही."

"असतं की अम्मा. गाण्याच्या मागे बारीक असतं."

"गाणं नको."

त्यानं ह्यांच्याकडे पाहिलं, माझी तब्येत बरी आहे ना असं विचारल्यासारखं. "गाणं नको? मग लोकांनी दोन तास ऐकायचं काय?"

"लोक जे बोलले ते."

"लग्नात कोण काय बोलतं अम्मा? पंखा लाव, पाणी आण, खुर्ची सरकव. हे ऐकायचं?"

"हो."

तो हसला. मग मी त्याला आमच्या कॅसेटबद्दल विचारलं. गाणं घालण्याआधीची मूळ कॅसेट कुठे असेल का? तो क्षणभर विचारात पडला, आणि मला खरंच आशा वाटली. "नसणार," तो म्हणाला. "मूळ कॅसेटवर अप्पा पुढचं लग्न टिपायचे. कोरी कॅसेट महाग पडायची ना. पण गाणं कुठलं होतं तुमचं?" मी सांगितलं. "अरे वा! त्या वर्षी ते फार चाललं होतं. अप्पांची निवड फार चांगली होती."

जिना उतरताना हे म्हणाले, "चांगला मुलगा आहे." मी बसस्टॉपपर्यंत त्यांच्या दहा पावलं पुढे चालत गेले.

दुसरी मंडळी मुलीनं शोधली. चेन्नईची, इन्स्टाग्रामवरची. त्यांच्या कामाला व्हिडिओ म्हणायचं नसतं, 'वेडिंग फिल्म' म्हणायचं. एका शनिवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर त्यांच्या मुख्य माणसाशी बोलणं झालं. दाढी, टोपी, खोलीत जांभळा दिवा. मुलगी चेन्नईहून, आम्ही दोघं इथून.

त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "ह्यांची स्टोरी काय?"

मी म्हटलं, "मुलगा कुंभकोणमचा. वेबसाइटवर स्थळ आलं, दोघं हॉटेलात भेटली, पसंत पडली."

"मग अडचण कुठे आली?"

"आली नाही."

"घरचे विरोधात नव्हते? भाषा वेगळी, तुम्ही मराठी, ते तमिळ?"

"आम्ही शेकडो वर्षं इथे आहोत. मुलाच्या आईला आमची डांगरपच्चडी आवडते. कसला विरोध?"

तो खट्टू झाला. पण 'मराठी' ह्या शब्दावर त्याला एकदम काहीतरी सुचलं आणि तो पुढे सरकला. राजवाडा. तुताऱ्या. मुलीचे वडील पगडी घालून, कमरेला तलवार लावून राजवाड्याच्या दारातून चालत येतात, स्लो मोशन, मागे धूर.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे बनियनवर बसून आपल्या बसच्या पासाला नवं प्लास्टिक घालत होते.

"हे रोज टाऊन बसनं ओरत्तनाडुच्या कृषी कार्यालयात जातात," मी म्हटलं. "बियाण्यांच्या अर्जांवर शिक्के मारतात."

"तोच तर कॉन्ट्रास्ट आहे, मॅडम!"

"तलवार जड असते का?" ह्यांनी विचारलं. ह्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

मग अंतरपाटाची गोष्ट निघाली. मुलाकडच्यांनी आमचा अंतरपाट मान्य केला होता, आम्ही त्यांचा नवरा-नवरीला झुलवायचा झोपाळा. त्या दाढीवाल्यानं विचारलं, मध्ये धरतात तो कपडा जाळीचा चालेल का? म्हणजे दोघांचे चेहरे एका फ्रेममध्ये येतील.

"एकमेकांना दिसू नये म्हणूनच तो धरतात," मी म्हटलं.

"बरोबर. पण कॅमेऱ्याला दिसायला हवं ना."

आवाजाचं विचारलं तर म्हणाला, आमच्याकडे संगीतकार आहे, तो तुमच्यासाठी खास धून बांधेल. लोकांचं बोलणं आम्ही एकाच जागी ठेवतो. आईवडील मुलीला पत्र लिहितात, ते कॅमेऱ्यासमोर वाचतात आणि रडतात. तेवढं खरं ठेवतो.

मी नाही म्हटलं. त्याच्यासमोरच म्हटलं, आणि ते मुलीला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "अम्मा, तू त्याच्याशी असं बोललीस की तो तुला फसवायलाच आला होता. किती चांगलं काम करतात ते!"

"माझी एकच अट आहे."

"तुझी अट कुणाला कळतच नाहीये. आजकाल लोक आवाज बंद करूनच बघतात. बसमध्ये, ऑफिसमध्ये. कोण ऐकतं?"

"मी ऐकीन."

ती म्हणाली, "खरं सांगू? तुला माझ्या लग्नाचा व्हिडिओ नकोच आहे. तुला तुझ्याच लग्नाचा हवाय."

मी फोन ठेवला. त्या दुपारी तीन हॉलतिकिटांवर चुकीचे नंबर घातले आणि ते दुरुस्त करताना चौथं बिघडवलं. ती खोटं बोलली असती तर मला एवढा राग आला नसता. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला: त्यांना नको म्हणून कळवलंय. तूच ठरव. आणि तलवार मलाही नको होती.

मग ह्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी ओरत्तनाडुचा एक माणूस सुचवला. तो घरी आला, पाटावर बसावं तसा खुर्चीच्या टोकावर बसला, आणि मी जे म्हणेन त्याला "सरी अम्मा" म्हणाला. गाणी नकोत. सरी अम्मा. कमळ नको. सरी अम्मा. अंतरपाट जाड कापडाचा असेल. सरी अम्मा. मी त्याला दुसऱ्यांदा कॉफी दिली. दहा-बारा दिवस मी सुखात होते. मग त्याचा फोन आला. त्याच मुहूर्तावर एका मोठ्या घरातल्या नातवाचं कान टोचणं निघालं होतं आणि त्याला तिकडे जाणं भाग होतं. पण काळजी नको, मेव्हणा येईल.

"मेव्हण्यानं लग्नं केली आहेत?"

"स्वतःचं केलंय, अम्मा."

"व्हिडिओ! व्हिडिओ काढले आहेत का?"

"फोटो काढतो. पासपोर्टचे. फार चांगले येतात."

आता महिनाही उरला नव्हता. वैकासीतला, म्हणजे ऐन उन्हाळ्यातला मोठा मुहूर्त, गावातला प्रत्येक कॅमेरा बांधला गेलेला. हे म्हणाले, "साऊथ मेन स्ट्रीटच्या मुलाला विचारायचं का? कमळ काढून टाकायला सांगू." मी म्हटलं, तुम्ही काही बोलू नका. खरं तर तोपर्यंत मीही मनात कमळाला कबूल होत आले होते.

त्याच आठवड्यात कॉलेजचं वार्षिक संमेलन होतं. संमेलनाचं चित्रण करायला दरवर्षी एक बाई येते. पंचेचाळिशीची, सुती चुडीदार, गळ्यात मोठे हेडफोन. मी तिला कितीतरी वर्षं पाहत आले होते आणि तिच्याकडे एकदाही लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशी प्राचार्य भाषणाला उभे राहिले, तशी ती व्यासपीठापाशी गेली आणि म्हणाली, "सर, कागद माइकसमोर हलवू नका. फडफड येते आहे." प्राचार्यांनी कागद खाली ठेवला. मी जागची उठले.

ती मुख्यतः नाचाची अरंगेट्रम टिपते, म्हणजे मुलींचं रंगमंचावरचं पहिलं नृत्य. तिथे घुंगरू आणि मृदंग नीट आले नाहीत तर गुरू रागावतात. लग्नाचं म्हटल्यावर तिनं सरळ नकार दिला.

"लग्नं मी घेत नाही. लग्नात माझं कुणी ऐकत नाही."

"मी ऐकीन."

"तुम्ही एकट्यानं ऐकून काय होणार आहे?"

मग मी तिला सगळं सांगितलं. कॅसेट, वडील, हलणारे ओठ, ते गाणं. ती केबल गुंडाळत ऐकत होती. वाईट वाटलं वगैरे काही म्हणाली नाही. विचारलं, "मेळ वाजत होता का तेव्हा?"

"कुठला मेळ?"

"गेट्टि मेळम्."

आमच्याकडचं लग्न पाहिलेल्या कुणालाही हे माहीत असतं. हात देण्याच्या, मंगळसूत्र बांधण्याच्या क्षणी भटजी बोट वर करतात आणि नादस्वर आणि तवील, म्हणजे आमच्याकडची सनई आणि ढोल, वाजवणारे एकदम जीव तोडून वाजवायला लागतात.

"वाजला असेलच," मी म्हटलं.

"तो कशासाठी वाजवतात? त्या क्षणी कुणाची शिंक, कुणाचा वाईट शब्द कानावर पडू नये म्हणून. काहीच ऐकू येऊ नये, ह्यासाठीच आहे तो. तुमच्या कॅसेटवरचं गाणं काढलं असतं तरी खाली तवीलच सापडलं असतं, अम्मा."

मी आयुष्यात दोनेकशे लग्नांना गेले असेन. प्रत्येक वेळी तो आवाज ऐकला, तांदूळ टाकले, आणि हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग मी काय सांगत होतो?"

"तुम्ही तवीलचं कधी बोललात?"

"ऐकू आलं नाही म्हणालो. का आलं नाही, ते तू कधी विचारलंस?"

मी सांबार ढवळत राहिले. नंतर त्यांना वाढताना पापड एक जास्त वाढला, तो त्यांच्या लक्षात आला की नाही, माहीत नाही.

ती बाई तयार झाली, पण तिच्याही अटी निघाल्या. मंडप बघायला आली, मधोमध उभी राहून दोनदा टाळ्या वाजवल्या आणि दात दुखत असल्यासारखं तोंड केलं. पंखे जुने आहेत, घरघरतात, मुहूर्ताच्या वेळी बंद ठेवा. जनरेटर मागच्या भिंतीपलीकडे न्या. जेवणघराचं दार लावून घ्या, स्टीलचे पेले आपटतात. वाजवणारे वीस फुटांवर बसवा. प्लास्टिकच्या खुर्च्या सरकवू नका, असं लोकांना आधी सांगा. मी वहीत लिहून घेत होते आणि मंडपाचा मॅनेजर माझ्याकडे बघत होता. अडीच महिने मी लोकांना वेड लावलं होतं, आता माझी पाळी होती.

पंख्यांची बातमी कुंभकोणमला कशी पोचली, देव जाणे. विहीणबाईंचा फोन आला.

"पंखे बंद? वैकासीत?"

"फक्त मुहूर्तापुरते."

"आमच्याकडची ऐंशी-पंच्याऐंशीची माणसं येणार आहेत. कुणी आडवं झालं तर तुमची ती व्हिडिओवाली उचलणार का?"

"तसं नाही हो."

"आणि मेळ हळू वाजवायला सांगितलंत म्हणे? ते चालणार नाही. मेळ जोरातच वाजणार. तो हळू वाजला तर मी मुलाला बोहल्यावरून उठवून घरी नेईन."

त्या हसत म्हणाल्या, पण पुरत्या हसत नव्हत्या. आणि त्यांचंही चूक नव्हतं. ह्या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त कशानं त्रास दिला असेल तर तो ह्यानं. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता.

शेवटी असं ठरलं. मेळ जोरात वाजेल. पंखे चालू राहतील, फक्त बोहल्यावरचे दोन बंद. आणि मुलीच्या वडिलांच्या अंगावर एक छोटा माइक लावायचा. बाई म्हणाली, तोंडापासून वीतभर अंतरावर असला तर तवीलच्या आवाजातूनही बोलणं काढता येईल. ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "लावा की."

लग्नाच्या दिवशी पहाटेपासून मी पळत होते. जेवणघराची किल्ली सापडेना, केळीची पानं आली ती फाटकी, मुलीच्या वेणीचा गजरा तोकडा पडला. त्यात मध्येच दिसलं की ती बाई ह्यांच्या उपरण्याच्या आत माइक अडकवते आहे आणि त्याची डबी वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, कमरेला खोचते आहे. "जास्त हलू नका, अप्पा, खरखर येते." त्यानंतर हे सबंध सकाळ मान ताठ ठेवून वावरले. लोकांना वाटलं, मुलीच्या वियोगानं असे झाले आहेत.

मुहूर्ताला बोहल्यावरचे पंखे बंद झाले. भटजींनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मंत्र वेगानं म्हणायला लागले. अंतरपाट, जाड खादीचा, दूर झाला. ह्यांनी मुलीचा हात जावयाच्या हातात दिला. भटजींनी बोट वर केलं आणि मेळ असा काही सुरू झाला की माझ्या हातातल्या ताटातली वाटी थरथरली. त्या गदारोळात हे पुढे वाकले आणि जावयाला काहीतरी सांगायला लागले. एक वाक्य, दुसरं, तिसरं. जावई मान हलवत होता. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते आणि मला काहीही ऐकू आलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुराचं होतं की कशाचं, हे पाहायला वेळ नव्हता, कारण आचारी दारातून मला खुणा करत होता.

घरी आल्यावर ह्यांना विचारलं, "काय सांगितलंत त्याला?"

ह्यांनी आठवून पाहिलं. "काहीतरी म्हटलं खरं. आता आठवत नाही."

मी देवाला हात जोडले.

तीन आठवड्यांनी त्या बाईनं मला घरी बोलावलं. राजवाड्याच्या पलीकडच्या रस्त्यावर, वरच्या मजल्यावर तिची खोली आहे. सगळ्या भिंतींना जुन्या गाद्या लावल्या आहेत. तिनं माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि ती जागा लावली. आधी तवील, पण लांबून, पलीकडच्या गल्लीतून यावं तसं. मग ह्यांचा श्वास. मग ह्यांचा आवाज, तमिळमध्ये, अगदी रोजचा.

"पाय जरा मागे घ्या. तिच्या साडीवर पडलाय. हां. आणि हे बघा, ती पहाटेपासून उपाशी आहे. हे आटपलं की फोटोबिटो राहू द्या, आधी तिला काहीतरी खायला घाला. भूक लागली की फार चिडते. आईवर गेली आहे."

मी हेडफोन काढले. म्हटलं, "ते शेवटचं वाक्य काढता येईल का?"

तेव्हा ती बाई पहिल्यांदा हसली. "अम्मा, आवाज ठेवा म्हणून तुम्ही माझ्या मागे लागला होतात."

मग मीही हसले. हसता हसता रडू आलं, आणि तिनं उठून खिडकी उघडली, पाणी आणलं आणि पाठ करून केबल आवरत राहिली. मी ती जागा पुन्हा ऐकली, पुन्हा ऐकली. माझ्या वडिलांनी साडीचं सांगितलं असेल, भुकेचं सांगितलं असेल, की आणखी काही, ते मला कधीच कळणार नाही. पण त्या दिवशी घरी येताना त्याचा राग कुणावर काढावा, असं वाटलं नाही. बाजारातून ह्यांना आवडतात ती नुंगू घेतली, ताडगोळे म्हणतात ती.

आता व्हिडिओ झाला, म्हणजे संपलं असं मला वाटलं होतं. विहीणबाई आणि त्यांच्या दोन जावा खास पाहायला आल्या. वीस मिनिटं बसल्या. पडद्यावर मी कुणालातरी ओरडत होते, कुणी खोकत होतं, भटजी तूप मागत होते. विहीणबाईंनी हळूच विचारलं, "गाणी घालायची राहिली वाटतं?"

त्यांना गाण्यांची प्रत हवी होती, नातेवाइकांना पाठवायला. मी त्या बाईला विचारलं. तिनं सांगितलं, गाणी मी घालत नाही, दुसरं कुणी बघा. म्हणजे आता गाणी घालणारा माणूस शोधायचा! मी मुलीला फोन करून सगळा राग तिच्यावर काढला. ती शांतपणे म्हणाली, "मला फाइल पाठव."

तिनं एका रविवारी आपल्या फोनवरच अर्ध्या तासाचं काहीतरी तयार केलं. गाणी होती, झोपाळा होता, फुलं होती, सगळ्या जावा एकेकदा तरी दिसत होत्या. पण हात देण्याच्या जागी तिनं गाणं थांबवलं होतं, आणि तेवढ्यापुरतं तिच्या वडिलांचं बोलणं ठेवलं होतं. सगळं. शेवटच्या वाक्यासकट. मला न विचारता तिनं ते दोन्हीकडच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवलं.

पुढच्याच महिन्यात कुंभकोणमला त्यांच्याकडचं एक लग्न होतं. आम्ही मंडपात पाय ठेवला, तशा विहीणबाई गर्दीतून माझ्याकडे येताना दिसल्या. हातात केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर दोन इडल्या आणि एक मेदुवडा.

"आधी खाऊन घ्या," त्या म्हणाल्या. "मग बोलू."

मागच्या रांगेतल्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. ह्यांनी छताकडे पाहिलं. मला मुळीच भूक नव्हती. मी उभ्या उभ्या दोन्ही इडल्या खाल्ल्या.